आंतरराष्ट्रीय क्रीडाप्रशासनातील उत्तेजक द्रव्यसेवन व भ्रष्टाचार : महाराष्ट्राशी निगडित दोन प्रकरणांच्या संदर्भात

प्रस्तावना

क्रीडाक्षेत्रातील गैरप्रकारांची चर्चा साधारणतः दोन स्वतंत्र शीर्षकांखाली केली जाते. उत्तेजक द्रव्यांचे सेवन हा खेळाडूचा वैयक्तिक दोष मानला जातो, तर आर्थिक भ्रष्टाचार हा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांचा. पहिल्याचा अभ्यास क्रीडावैद्यकाच्या अंगाने होतो आणि दुसऱ्याकडे राजकारणाचा भाग म्हणून पाहिले जाते. वस्तुतः हे दोन्ही दोष एकाच मुळातून फोफावतात. ज्या संस्थेला पदकांमुळे प्रतिष्ठा, प्रायोजक आणि पैसा मिळतो, तीच संस्था खेळाडूंची निवड, चाचणी आणि निवाडा यांवर प्रभाव ठेवू लागली की नियमभंग झाकण्यात तिचे हितसंबंध निर्माण होतात.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्राशी निगडित दोन प्रकरणांची मांडणी केली आहे. मल्ल नरसिंग यादव यांच्यावर २०१६ मध्ये आलेली बंदी हे पहिले प्रकरण होय. दुसरे प्रकरण पुण्याचे सुरेश कलमाडी संयोजन समितीचे अध्यक्ष असताना झालेल्या २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेचे आहे. या दोहोंच्या तुलनेतून एक विसंगती स्पष्ट होते. आजच्या क्रीडाव्यवस्थेत खेळाडूचे दायित्व अत्यंत कठोर आहे. प्रशासकाचे दायित्व मात्र सैल आहे.

नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत आणि चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही येथील नौकानयनपटू दत्तू भोकनळ हे दोघेही २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये भारताकडून उतरले. देवळा, कळवण, चांदवड, बागलाण या तालुक्यांतील महाविद्यालयांच्या मैदानांवर धावणाऱ्या शेतकरी व आदिवासी कुटुंबांतील विद्यार्थ्यांसमोर असेच आदर्श आहेत. हे विद्यार्थी ज्या व्यवस्थेत प्रवेश करणार आहेत तिचे स्वरूप त्यांच्या प्राध्यापकांना ज्ञात असणे अगत्याचे आहे.

कठोर दायित्वाचे तत्त्व

१९९८ च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत फेस्टिना संघाच्या वाहनातून उत्तेजक द्रव्यांचा मोठा साठा पकडला गेला. क्रीडासंघटनांनी स्वतःच स्वतःवर देखरेख ठेवण्याची पद्धत अपुरी आहे, हे त्या घटनेने जगापुढे आले. त्यातून १० नोव्हेंबर १९९९ रोजी जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजेच 'वाडा', स्थापन झाली. तिची जागतिक संहिता १ जानेवारी २००४ पासून अमलात आली. भारतात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजेच 'नाडा', २००५ मध्ये नोंदणीकृत झाली व २००९ पासून तिचे प्रत्यक्ष कार्य सुरू झाले.

या संहितेचा कणा म्हणजे कठोर दायित्वाचे तत्त्व होय. खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य आढळले की नियमभंग सिद्ध होतो. ते द्रव्य कोणी दिले, ते कळून घेतले की नकळत, हा विचार नंतर, शिक्षेचे प्रमाण ठरवताना केला जातो. अ‍ॅनाबोलिक स्टेरॉइडसारख्या द्रव्यांच्या बाबतीत तात्पुरते निलंबन अनिवार्य असते आणि सेवन हेतुपुरस्सर नव्हते हे खेळाडूलाच सिद्ध करावे लागते. ते सिद्ध न झाल्यास २०१५ च्या संहितेपासून चार वर्षांची बंदी येते. शिवाय नोंदणीकृत चाचणी गटातील खेळाडूला आपला दैनंदिन ठावठिकाणा आगाऊ कळवावा लागतो. बारा महिन्यांत तीन वेळा त्यात कसूर झाल्यास, एकही नमुना सदोष नसताना, तो नियमभंग ठरतो.

हे तत्त्व कठोर असले तरी त्यामागे तर्क आहे. 'मला ठाऊक नव्हते' हा बचाव मान्य केला तर एकही प्रकरण सिद्ध होणार नाही. हाच तर्क प्रशासकांना का लागू होऊ नये, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

नरसिंग यादव प्रकरण

नरसिंग यादव यांनी २०११, २०१२ व २०१३ अशी सलग तीन वर्षे 'महाराष्ट्र केसरी' किताब पटकावला. सप्टेंबर २०१५ मध्ये लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवून त्यांनी भारताला रिओ ऑलिम्पिकची जागा मिळवून दिली. त्याच गटातील ज्येष्ठ मल्ल सुशील कुमार यांनी निवडचाचणीची मागणी करीत दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. ६ जून २०१६ रोजी ती याचिका फेटाळली गेली. निवडीचे निकष पुरेसे आधी व लेखी स्वरूपात जाहीर असते, तर हा वाद न्यायालयापर्यंत जाण्याचे कारण नव्हते.

त्यानंतर २५ जून व ५ जुलै रोजी घेतलेल्या नमुन्यांत मिथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड आढळले. सोनिपतच्या प्रशिक्षण केंद्रात आपल्या खाद्यपेयांत ते कोणीतरी मिसळले, असा यादव यांचा दावा होता. नाडाच्या शिस्तपालन समितीने १ ऑगस्ट रोजी तो मान्य करून त्यांना निर्दोष ठरवले. वाडाने या निर्णयाविरुद्ध आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली. १८ ऑगस्ट रोजी, म्हणजे यादव यांच्या लढतीच्या आदल्या दिवशी, लवादाने निर्णय फिरवला आणि चार वर्षांची बंदी घातली. पहिल्या नमुन्यातील द्रव्याचे प्रमाण पाण्यात मिसळलेल्या भुकटीपेक्षा गोळ्यांच्या सेवनाशी अधिक जुळते, हे तज्ज्ञांचे मत लवादाने ग्राह्य मानले. घातपाताचा ठोस पुरावा समोर आलेला नाही, असेही नमूद केले.

यादव दोषी होते किंवा नव्हते, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. लक्षणीय बाब अशी की, एकाच प्रकरणात राष्ट्रीय यंत्रणा आणि आंतरराष्ट्रीय लवाद यांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष काढले. ऑलिम्पिक अगदी तोंडावर आलेले असताना राष्ट्रीय यंत्रणेवर पदकाच्या आशेचे दडपण असणे स्वाभाविक होते. जेथे असे दडपण असते, तेथे निर्दोषत्वाचा निर्णयही विश्वासार्ह ठरत नाही. खेळाडू खरोखर निष्पाप असेल तर सर्वाधिक हानी त्याचीच होते, कारण त्याची सुटका जगाला पक्षपाती वाटते.

यापूर्वी २०११ मध्येही हाच अनुभव आला होता. अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर, सिनी जोस आदी सहा महिला धावपटूंच्या नमुन्यांतही स्टेरॉइड आढळले. प्रशिक्षणादरम्यान मिळालेल्या जिनसेंगच्या पूरक गोळ्या दूषित होत्या, असे त्यांचे म्हणणे होते. देशांतर्गत समितीने एक वर्षाची बंदी घातली. क्रीडा लवादाने २०१२ मध्ये ती दोन वर्षांची केली. यातील तिघी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार बाय चारशे मीटर रिले शर्यतीच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होत्या.

२०१० ची राष्ट्रकुल स्पर्धा आणि प्रशासकांचे दायित्व

ती राष्ट्रकुल स्पर्धा ३ ते १४ ऑक्टोबर २०१० या काळात दिल्लीत भरली. भारताने ३८ सुवर्णांसह १०१ पदके मिळवली. कविता राऊत यांनी दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धेच्या ट्रॅकवरील वैयक्तिक प्रकारात पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. परंतु लोकांच्या स्मरणात या पदकांपेक्षा कंत्राटेच अधिक राहिली.

स्पर्धेच्या संयोजन समितीचे अध्यक्ष सुरेश कलमाडी हे १९९६ पासून भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धा आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा यांमुळे बालेवाडी क्रीडानगरी नावारूपाला आली, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने त्यांना अटक केली. वेळनोंद व निकाल यंत्रणेचे सुमारे १४१ कोटी रुपयांचे कंत्राट चढ्या दराने एका स्विस कंपनीला दिल्याचा आरोप होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये न्यायालयाने आरोप निश्चित केले. स्पर्धेशी संबंधित आर्थिक अफरातफरीच्या स्वतंत्र प्रकरणात मात्र अंमलबजावणी संचालनालयाचा प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिल्लीच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्वीकारला.

आरोप म्हणजे अपराधसिद्धी नव्हे, हे तत्त्व पाळलेच पाहिजे. तथापि फौजदारी न्यायालयाचा प्रश्न आणि क्रीडाप्रशासनाचा प्रश्न भिन्न आहेत. सदोष नमुन्याचा खेळाडू सुनावणीपूर्वीच मैदानाबाहेर जातो. आरोप निश्चित झाल्यानंतरही कलमाडी आशियाई अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या अध्यक्षपदावर राहिले. जुलै २०१३ मध्ये पुण्यातच झालेल्या निवडणुकीतील पराभवाने ते पद गेले. कोणत्याही नियमाने नव्हे.

याची किंमत अखेर खेळाडूंनीच मोजली. ४ डिसेंबर २०१२ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने भारतीय संघटनेला निलंबित केले. शासकीय हस्तक्षेप आणि ऑलिम्पिक सनदेनुसार निवडणूक न होणे ही त्यामागची कारणे होती. आरोपी व्यक्तींना पदांपासून दूर ठेवावे हा आग्रह पुढे निलंबन उठवण्याच्या अटींत आला. परिणामी फेब्रुवारी २०१४ मध्ये सोची येथील हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनास शिवा केशवन व सहकाऱ्यांना तिरंग्याऐवजी ऑलिम्पिक ध्वजाखाली चालावे लागले. एवढे होऊनही डिसेंबर २०१६ मध्ये संघटनेने कलमाडी व अभयसिंह चौटाला यांना आजीव अध्यक्षपद देण्याचा ठराव केला. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने मान्यता स्थगित केल्यावर तो मागे पडला.

दोन्ही दोषांचा संगम

उत्तेजक सेवन व भ्रष्टाचार एकमेकांना कसे पोसतात, हे जागतिक पातळीवरील दोन उदाहरणांतून दिसते. लामिन डियाक हे १९९९ ते २०१५ या काळात आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाचे अध्यक्ष होते. संशयित रशियन खेळाडूंची प्रकरणे दडपण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल पॅरिसच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये त्यांना दोषी ठरवले. येथे उत्तेजक चाचणी हेच लाचेचे साधन बनले होते. भारोत्तोलनाच्या आंतरराष्ट्रीय महासंघात दीर्घकाळ सत्ता गाजवणारे तामास अजान यांच्या कारभाराच्या चौकशीत दडपलेल्या चाचण्या व हिशेब न लागलेली रक्कम असे दोन्ही दोष आढळले. क्रीडा लवादाने २०२२ मध्ये त्यांच्यावर आजीव बंदी घातली.

याच भारोत्तोलन महासंघाच्या कारभाराचा फटका भारताच्या संजिता चानू यांना बसला. २०१७ च्या त्यांच्या नमुन्यावरून २०१८ मध्ये त्यांना निलंबित करण्यात आले, परंतु कळवलेल्या नमुना क्रमांकांत तफावत निघाली. अखेर नमुन्यांच्या हाताळणीतील त्रुटींमुळे २०२० मध्ये आरोप मागे घेतला गेला. खेळाडूचे उमेदीचे दिवस वाया गेले. संस्थेला मात्र कोणतेही 'कठोर दायित्व' लागू झाले नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय चाचणी प्रयोगशाळेची मान्यता वाडाने ऑगस्ट २०१९ ते डिसेंबर २०२१ या काळात स्थगित केली, तेव्हाही चूक यंत्रणेची होती. भारतीय नमुने परदेशी पाठवण्याचा भार मात्र देशाच्या क्रीडाव्यवस्थेवर पडला.

कायदेशीर सुधारणा व त्यांच्या मर्यादा

वाडाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ५६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष आढळले. २०२४ मध्ये ७११३ नमुन्यांपैकी २६० सदोष ठरले. हे प्रमाण अनुक्रमे ३.८ व ३.६ टक्के आहे आणि मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत ते सर्वाधिक आहे. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे यजमानपद अहमदाबादला मिळाले असून २०३६ च्या ऑलिम्पिकची आकांक्षाही देशाने व्यक्त केली आहे. अशा वेळी ही आकडेवारी गंभीर ठरते.

राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा २०२२ मध्ये संमत झाला. त्यातील राष्ट्रीय मंडळाला नाडावर देखरेखीचे अधिकार मिळाल्याने वाडाने आक्षेप घेतला. २०२५ च्या दुरुस्तीने नाडाच्या कार्यात्मक स्वायत्ततेची हमी दिली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय क्रीडाप्रशासन कायद्याने क्रीडा मंडळ, क्रीडा न्यायाधिकरण व निवडणूक यंत्रणेची तरतूद केली. कार्यकारिणीत खेळाडू व महिलांना स्थान देणे बंधनकारक झाले. या तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु माहितीच्या अधिकाराची कक्षा शासकीय अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरतीच राहिली, ही उणीव होय. शिवाय शासन संघटनांवर अंकुश ठेवणार असेल, तर शासनावर अंकुश कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

महाविद्यालयीन स्तरावरील जबाबदारी

खेळाडूवरील कठोर दायित्व त्याने पहिली आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळण्यापूर्वीच सुरू होते. परंतु त्याची जाणीव त्याला कोणी करून देत नाही. गावातील व्यायामशाळेत मिळणारी प्रथिनांची भुकटी, दुखण्यावर घेतलेले इंजेक्शन, खोकल्याचे औषध यांतून नियमभंग घडू शकतो. म्हणून शारीरिक शिक्षण विभागाने पुढील बाबी कराव्यात. स्पर्धेस निघणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला निषिद्ध द्रव्यांची माहिती मराठीतून द्यावी. औषध घेण्यापूर्वी नाडाच्या 'नो युवर मेडिसिन' या अ‍ॅपवर ते तपासण्याची सवय लावावी. आजारपणात आवश्यक औषध निषिद्ध असेल, तर उपचारार्थ सवलतीचा अर्ज वेळेत करवून घ्यावा. तसेच संघनिवडीचे निकष आधी लेखी जाहीर करावेत आणि क्रीडानिधीचा हिशेब विद्यार्थ्यांना पाहण्यास उपलब्ध ठेवावा. पारदर्शक प्रशासनाचा पहिला अनुभव विद्यार्थ्याला महाविद्यालयातच मिळाला पाहिजे.

निष्कर्ष

१. उत्तेजक द्रव्यसेवन व प्रशासकीय भ्रष्टाचार हे परस्परसंबंधित दोष आहेत. निवड, चाचणी आणि निवाडा या तीन कार्यांची फारकत केल्याविना दोहोंपैकी एकाचेही निर्मूलन संभवत नाही.

२. राष्ट्रीय यंत्रणेची स्वायत्तता ही खेळाडूच्याही हिताची आहे. दडपणाखाली दिलेले निर्दोषत्व आंतरराष्ट्रीय पातळीवर टिकत नाही.

३. गंभीर आरोप निश्चित झालेल्या पदाधिकाऱ्यास, निकाल लागेपर्यंत, खेळाडूप्रमाणेच तात्पुरते निलंबन लागू असावे. ती शिक्षा नव्हे. पदाच्या विश्वासार्हतेचे रक्षण होय.

४. चाचणीयंत्रणेच्या चुकीमुळे खेळाडूचे नुकसान झाल्यास भरपाईची निश्चित तरतूद असावी.

कठोर दायित्वाचे तत्त्व चुकीचे नाही. मात्र ते व्यवस्थेतील सर्वांत दुर्बल घटकाला, म्हणजे खेळाडूलाच, लागू करून थांबणे हे अन्यायाचे आहे. सावरपाड्याच्या किंवा तळेगाव रोहीच्या वाटेने पुढे जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याकडून जी शुचिता अपेक्षिली जाते, तीच त्याचे भवितव्य ठरवणाऱ्या संस्थांकडूनही अपेक्षिली गेली पाहिजे.