शब्द कळतो की सूर?

‘आमच्या मोतीला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही,’ असं कुत्रा पाळणारं घर हमखास सांगतं. त्यावर शेजारचे म्हणतात, ‘छे, आवाज चढला की उतरला, एवढंच कळतं त्याला.’ दोघांचंही अर्धंच खरं आहे.

अशा दाव्यांबाबत शास्त्रज्ञ सावध असतात, ते बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्यामुळे. हा पठ्ठ्या टापा आपटून गणितं सोडवायचा. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची आणि हान्स तिथेच थांबायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये ही मेख उघड केली.

म्हणून जर्मनीतच रिको या बॉर्डर कॉली कुत्र्याची परीक्षा घेताना खेळणी दुसऱ्या खोलीत ठेवली. इशारा मिळायची सोयच नाही. दोनशे खेळणी तो नावानिशी ओळखायचा. पण खरी कमाल पुढची. सात ओळखीच्या खेळण्यांत एक नवं ठेवून कधीच न ऐकलेलं नाव घेतलं, तेव्हा दहापैकी सात वेळा त्याने नवंच उचलून आणलं. बाकीच्यांची नावं ठाऊक आहेत, म्हणजे हे नाव याचंच! २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अर्थात रिको हा अपवाद. त्याच्या मापाने मोतीला मोजू नये.

सुराचा निवाडा २०१६ मध्ये बुडापेस्टला झाला. तेरा कुत्रे कानांवर हेडफोन लावून, न बांधता, एमआरआय यंत्रात निश्चल पडून राहिले. (त्या खडखडाटात माणसांनाही ते जड जातं.) त्यांना शाबासकीचे शब्द लाडिक आणि कोरड्या अशा दोन्ही सुरांत ऐकवले, तसंच ‘तरीही’च्या जातीचे, कुत्र्याच्या लेखी बिनकामाचे शब्दही. मेंदूतलं बक्षिसाचं केंद्र उजळलं ते शब्द आणि सूर दोन्ही शाबासकीचे असतील तेव्हाच.

मात्र त्यांचा कान ढोबळ आहे. बुडापेस्टच्याच २०२० च्या प्रयोगात ‘बस’ ऐवजी ‘बूस’ म्हणावं, तसा एकच ध्वनी बदलला, तर कुत्र्यांच्या मेंदूला फरक जाणवला नाही.

आणि मांजर? जपानच्या अत्सुको साइतो यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की चार सारख्या शब्दांनंतर स्वतःचं नाव आलं, की मांजर ते ओळखतं. त्याचा पुरावा बहुतेक वेळा कान किंवा मान हलण्यापुरताच. उठून येणारी मांजरं फारच थोडी.