चाळीस मिनिटांत एक अख्खा दिवस

रविवारची रात्र, नांदेडहून मुंबईला निघालेली ‘देवगिरी’. समोरच्या बर्थवर कुणाच्या तरी मोबाइलचा स्पीकर कोकलतोय आणि तुमच्या डोक्यात उद्याचं टार्गेट. अशा वेळी हेडफोन लावा आणि ‘कॉल ऑफ द व्हॅली’ सुरू करा.

बासरी, हार्प आणि तंतुवाद्यं हे पाश्चात्त्य चेंबर म्युझिकचं लाडकं त्रिकूट. देब्युसीनं १९१५ मध्ये बासरी, व्हायोला आणि हार्पसाठी सोनाटा लिहिला. आपल्याकडे हार्प नाही, पण शंभर तारांचं संतूर आहे ना! १९६७ मध्ये एचएमव्हीनं हरिप्रसाद चौरसियांची बासरी, शिवकुमार शर्मांचं संतूर आणि ब्रिजभूषण काब्रांचं गिटार एका रेकॉर्डवर आणलं. तबल्यावर माणिकराव पोपटकर. निर्माते होते जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीताचे सुरुवातीचे गायक!

तिघेही वादक तेव्हा तिशीच्या आसपासचे, तुमच्या-आमच्याच वयाचे. आणि रिस्क मोठी. गिटार म्हणजे सिनेमाचं वाद्य. संतूर काश्मीरच्या सूफियाना मैफलीतलं. कलमांनी तारा छेडायच्या, मग त्यातून मींड निघणार कशी, असा जाणकारांचा सवाल. शर्मांनी तारांची मांडणी आणि वाजवण्याची पद्धत बदलली, कलम तारेवर अलगद घसरवून सूर जोडला. काब्रांनी गिटार आडवं ठेवून, तारांवर पट्टी सरकवत राग वाजवला.

गोष्ट साधी. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस. पहाटेला अहिरभैरव, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. कुणी दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही. एकानं सूर सोडला की दुसरा अलगद उचलतो. टीमवर्कवरच्या कुठल्याही वर्कशॉपपेक्षा हे भारी!

पुढे शर्मा-चौरसियांची ‘शिव-हरी’ जोडी झाली, १९८१ मध्ये ‘सिलसिला’ आला. काब्रा २०१८ मध्ये गेले, शर्मा मे २०२२ मध्ये. तो मेंढपाळ मात्र अजून रोज पहाटे निघतो.

आपला दिवस पंचिंग मशीनपाशी सुरू होतो आणि कधी मावळला ते कळतही नाही. या रेकॉर्डमध्ये तो उगवताना आणि मावळताना ऐकू येतो. आठवड्यातून एकदा एवढं तरी हवंच!

असं ऐका
• शफल बंद. क्रम दिवसाचा आहे, मोडू नका.
• स्पीकर नको, हेडफोनच.
• पहिल्या आलापात घाई नको. मेंढपाळाला कुठलीच डेडलाइन नाही.