मिरगी आणि क्षय : औषधांचा परस्परसंबंध

नांदगांव पेठेचा मिरगीचा रोगी फिटांची गोळी अमरावतीच्या डॉक्टरांकडून आणतो. त्यास क्षय जडला, तर त्या गोळ्या सरकारी केंद्रांतून मिळतात. एकीची चिठ्ठी दुसरीस ठाऊक नसते. यकृत मात्र एकच!

फिटांवरील फेनिटॉइन १९३८ पासून, तर क्षयावरील आयसोनियाझिड १९५२ पासून प्रचारांत आहे. आयसोनियाझिडमुळें यकृत फेनिटॉइन सावकाश निकामी करतें. मात्रा तीच, पण रक्तांतलें औषध वाढत जातें. चाल डगमगते, जीभ जड होते, डोळे थरथरतात. घरचे अशक्तपणा म्हणतात. शेजारी तर दारूचाच संशय घेतात. रिफॅम्पिसिनची तऱ्हा उलट. तें यकृताचा वेग वाढवितें. लॅमोट्रिजिनसारखें औषध लवकर संपतें आणि झटके परततात. दोन्ही एकत्र असतां फेनिटॉइनचें पारडें कोठें झुकेल, तें रोग्यापरत्वें ठरतें.

झटक्यांमुळें मात्रा वाढविली असेल, तर सहा महिन्यांनीं क्षयाचा उपचार संपतांच पुन्हां सावध राहावें. दोनतीन आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येतें व तीच मात्रा अधिक ठरते. या दुसऱ्या वळणाकडे पुष्कळदां दुर्लक्ष होतें. आरंभीं व अखेरीस दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांपुढें ठेवाव्या. आपल्या मनानें गोळी सोडूं नये. फिटांचें औषध एकाएकीं थांबल्यास झटक्यामागून झटके येऊन जीवावर बेतूं शकतें.