घरून धंदा करताय आणि इंटरनेट स्लो आहे? प्लॅन वाढवण्याआधी ही तपासणी करा



घरून केक, मसाले, शिवणकाम, क्लास असं काहीही करत असाल तर आज तुमचं अर्धं दुकान इंटरनेटवर असतं. ग्राहकाने 'फोटो पाठवा ना' म्हटलं आणि तुमचा फोटो पाच मिनिटं नुसताच गोल फिरत राहिला, की ग्राहक दुसरीकडे विचारायला मोकळा. अशा वेळी बहुतेक जण पहिलं काम काय करतात? कंपनीला फोन लावून मोठा प्लॅन घेतात.

थांबा. आधी हिशोब करा. महिन्याला ३०० रुपये जास्त म्हणजे वर्षाला ३,६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ४,२४८ रुपये. एवढे पैसे देऊनही फरक पडला नाही तर? आणि अनेकदा पडत नाही, कारण अडचण प्लॅनमध्ये नसून घरातच असते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असला प्रकार! व्हिडिओत हे भराभर सांगितलं होतं, इथे एकेक पायरी नीट लिहून देते. वही-पेन घेऊन बसा.

आधी आकडा समजून घ्या

प्लॅनवर लिहिलेलं असतं १०० एमबीपीएस. हे 'मेगाबिट' आहेत. आपल्या फाइलची साइज मात्र 'मेगाबाइट'मध्ये असते, आणि ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी माल उतरतो. 'शंभरचा प्लॅन घेतला आणि बाराच मिळतोय' अशी तक्रार करण्याआधी हे तपासा.

दुसरी गोष्ट. डाउनलोड आणि अपलोड वेगवेगळे असतात. सिनेमा बघणाऱ्याला डाउनलोड लागतं, धंदा करणाऱ्याला अपलोड. २०० एमबीचा प्रॉडक्ट व्हिडिओ चढवायचा आहे असं धरा. अपलोड १०० एमबीपीएस असेल तर १६ सेकंद, १० असेल तर २ मिनिटं ४० सेकंद, आणि २ असेल तर १३ मिनिटांहून जास्त. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये दोन्ही वेग सारखे असतात, पण सगळ्यांत नाही. प्लॅन घेताना अपलोडचा आकडा वेगळा विचारून घ्या.

तिसरा आकडा पिंगचा. तुम्ही हाक मारल्यावर समोरून 'ओ' यायला किती वेळ लागतो, तो पिंग. तो मिलिसेकंदात असतो आणि जितका कमी तितका चांगला. यूपीआयला किंवा व्हिडिओ कॉलला फार मोठा वेग लागत नाही, पण उत्तर पटकन यावं लागतं.

मुख्य काम : तीन जागी मोजणी

स्पीडटेस्ट किंवा फास्ट डॉट कॉम उघडा. घरातले बाकीचे मोबाइल, टीव्ही वाय-फायवरून काढा आणि तीन ठिकाणी मोजा :

१. लॅपटॉपला लॅन केबल लावून, थेट राऊटरला जोडून.
२. वाय-फायवर, राऊटरपासून पाच-सहा फुटांवर.
३. वाय-फायवर, तुम्ही रोज जिथे बसून काम करता तिथे.

हेच सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास असं दोन दिवस करा. डाउनलोड, अपलोड, पिंग हे तिन्ही आकडे वहीत लिहा. आता निदान सोपं आहे.

केबलवरच वेग कमी, तर अडचण कंपनीच्या लाइनमध्ये किंवा राऊटरमध्ये. केबलवर चांगला पण राऊटरजवळ वाय-फायवर कमी, तर वाय-फायची सेटिंग किंवा तुमचा मोबाइल-लॅपटॉप जुना. राऊटरजवळ चांगला पण कामाच्या जागी कमी, तर अंतर आणि भिंती. सगळीकडे चांगला पण फक्त रात्री कमी, तर एरियातली गर्दी. आणि मोजताना चांगला, पण रोजच्या कामात स्लो? मग घरातलंच कोणीतरी लाइन खातंय.

एक खास खूण लक्षात ठेवा. प्लॅन २०० चा आहे आणि केबलवर दर वेळी ९४-९५ च्या आसपासच येतंय, तर कंपनीला फोन करू नका. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. त्यातली एखादी तुटली, किंवा राऊटरचा अथवा लॅपटॉपचा पोर्टच जुना १०० वाला असला, तर वेग तिथेच अडतो. आधी केबल बदलून बघा.

घरातले चोर

आमच्या ट्रेनिंगला येणाऱ्यांच्या घरी मला हेच कारण सगळ्यात जास्त सापडतं. मोबाइलमधल्या फोटोंचा आपोआप बॅकअप, लॅपटॉपचा ड्राइव्ह सिंक, विंडोजचं अपडेट, आणि क्लाउडवर दिवसरात्र चित्रण पाठवणारा सीसीटीव्ही. यातल्या बहुतेक गोष्टी अपलोड खातात.

तुम्ही म्हणाल, अपलोड भरलं तर वेबसाइट उघडायला उशीर का? कारण इंटरनेटवरून आलेल्या मालाची पोच परत पाठवावी लागते. जायचा रस्ता तुंबला की पोच अडकते, आणि पोच मिळत नाही म्हणून समोरचा पुढचा माल हळू पाठवतो. दुकानात पुरवठादार पावतीवर सही मिळेपर्यंत पुढची खोकी उतरवत नाही ना, अगदी तसंच.

उपाय फुकट आहे. बॅकअप आणि अपडेट रात्री झोपताना चालतील असं सेट करा. कॅमेरा चोवीस तासांऐवजी हालचाल झाली तरच रेकॉर्ड करेल असं करा. राऊटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. अनोळखी नाव दिसलं तर पासवर्ड बदला, आणि वर्षानुवर्षं तोच मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवू नका.

राऊटर कुठे ठेवलाय?

फायबर जोडायला आलेला माणूस राऊटर लावतो त्याच्या सोयीने. दाराजवळ, टीव्हीमागे, नाहीतर माळ्यावर. तुमचं पॅकिंगचं टेबल असतं मागच्या खोलीत. लोखंडी कपाट, आरसा, फिश टँक, काँक्रीटची भिंत हे सगळे वाय-फाय अडवतात. जुन्या वाड्यातल्या जाड भिंतींबद्दल तर बोलायलाच नको. राऊटर घराच्या मध्यावर, चार-पाच फूट उंचीवर, मोकळा ठेवा.

आता दोन बँड समजून घ्या. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, पण वेग कमी आणि गर्दी जास्त. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंती त्याला जास्त अडवतात. राऊटरच्या खोलीत किंवा शेजारच्या खोलीत काम असेल तर ५ वापरा, लांब असेल तर २.४. बिल्डिंगमध्ये वीस-पंचवीस वाय-फाय दिसत असतील तर २.४ चं चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळं असेल ते ठेवा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. केकवाल्यांनो, मायक्रोवेव्ह २.४ च्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे तो चालू असताना त्याच्या शेजारी बसून व्हिडिओ कॉल करू नका. ओटीजीचा तसा त्रास नाही, तो कॉइलवर तापतो.

लाइनमध्येच दोष असेल तर

राऊटर बंद करा, एक मिनिट थांबा, पुन्हा चालू करा. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लाल दिसतोय का बघा. लाल म्हणजे प्रकाश पोचतच नाही. फायबरची पिवळी किंवा काळी बारीक वायर खिळ्याभोवती करकचून वळवलेली असेल तर ती सैल करा, पण ती उपसू नका आणि तिच्या टोकात डोळा लावून बघू नका.

मग तक्रार करा. 'नेट स्लो आहे' एवढंच म्हणाल तर 'राऊटर रीस्टार्ट करा' एवढंच उत्तर मिळेल. वहीतले आकडे सांगा : 'केबलवर, दोन दिवस, रात्री नऊला, १०० च्या प्लॅनवर १८ येतंय.' तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवा. महिन्याची डेटा मर्यादा संपली नाही ना, हेही विचारा. मर्यादेनंतर वेग कमी करण्याची अट बऱ्याच प्लॅनमध्ये असते. आणि जाहिरातीत 'ब्रॉडबँड' लिहिलंय यावर भरवसा ठेवू नका. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ब्रॉडबँडचा किमान डाउनलोड वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. म्हणजे २ मिळालं तरी तो शब्द खरा ठरतो!

पैसे खर्च करायचेच असतील तर हा क्रम

१. चांगली लॅन केबल, राऊटरपासून कामाच्या टेबलापर्यंत. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाची.
२. राऊटरसाठी छोटा यूपीएस. लाइट गेली की ऑर्डर थांबू नयेत. फायबरचा डबा वेगळा असेल तर दोन्हींना पुरेल असा घ्या.
३. मागच्या खोलीत केबल नेऊन दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. केबल शक्यच नसेल तर मेश घ्या. स्वस्त रिपीटर एकाच बँडवर घेतो आणि देतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. तरी घेतलाच तर सिग्नल चांगला आहे तिथे, अर्ध्या वाटेवर लावा.
४. मोठा प्लॅन, तोही केबलवर पूर्ण वेग मिळतोय आणि तो खरंच पुरत नाही असं वहीत दिसलं तरच.

आणि एक पाचवं, बिनखर्चाचं : मोबाइलचं सिम आणि घरचं नेट वेगवेगळ्या कंपन्यांचं ठेवा. लाइन तुटली तर हॉटस्पॉट लावून दिवसाच्या ऑर्डर निघतात.

या आठवड्याचा गृहपाठ

तीन जागा, तीन वेळा, दोन दिवस. म्हणजे अठरा मोजण्या, प्रत्येकीला एखाद-दोन मिनिटं. आधी वही भरा, मगच कंपनीला फोन करा. वहीचं पान समोर ठेवून अडचण विचारलीत तर मलाही नेमकं उत्तर देता येईल. भेटू पुढच्या व्हिडिओत!