खर्जाला पाच फुटांचं तोंड

मुलूखमैदान तोफ आज विजापूरच्या बुरुजावर विसावली असली तरी तिचं माहेर नगर. बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी असलेल्या महंमद बिन हुसेन रूमी या ओतकामाच्या उस्तादाने १५४९ साली ती इथे ओतली आणि १६३२ मध्ये ती विजापूरला गेली. लांबी ४.४५ मीटर, तोंडाचा बाहेरचा व्यास दीड मीटर, वजन ५५ टन. घरात बसून गाणं ऐकण्यासाठी लाऊडस्पीकरचा हॉर्न बांधायचा विषय निघाला की मला ही तोफ आठवते. तिची नळी सरळ आहे, हॉर्नसारखी फुलत जात नाही, तेव्हा साम्य फक्त मापांपुरतं. पण मापं मात्र थक्क करतात.

काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. त्या मूळ स्वराची हवेतली एक लाट जवळजवळ पाच मीटर लांब असते. हॉर्नचा जुना नियम असा की, मोकळ्या जागेत ठेवलेल्या हॉर्नच्या तोंडाचा परीघ त्याच्या सर्वांत खालच्या स्वराच्या एका लाटेइतका हवा. मुलूखमैदानच्या तोंडाचा परीघ भरतो ४.७ मीटर. म्हणजे एवढं अजस्र तोंडसुद्धा ७३ हर्ट्झपाशीच थांबेल आणि तानपुऱ्याचा खर्ज थोडक्यात निसटेल. त्यासाठी १.५६ मीटर, म्हणजे पाच फुटांहून थोडं जास्त रुंद तोंड लागतं. तेही एका बाजूला. स्टिरिओ हवा तर अशी दोन.

आपल्या हवेचाही यात हात आहे. नगरकडे जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांवर येतो, तेव्हा आवाज सेकंदाला ३३७ मीटर जातो. मे महिन्यात ४० अंशांना तोच ३५५ मीटर. तार तीच, स्वर तोच, पण खर्जाची लाट हिवाळ्यात ४.८७ मीटर आणि उन्हाळ्यात ५.१२ मीटर. पाव मीटरचा फरक नुसत्या ऋतूचा.

आता दुसरं टोक बघा. हॉर्नच्या बारीक टोकाला आवाज देणारा कॉम्प्रेशन ड्रायव्हर, ज्याला लाऊडस्पीकरवाले नुसतं ‘युनिट’ म्हणतात, त्याचा मोठ्यात मोठा नेहमीचा गळा दोन इंचांचा. आत बहुतेकदा टायटॅनियमचा पातळ पडदा असतो आणि त्याच्या समोर केसभर फटींचा ठोकळा. पडद्यापुढची हवा त्या फटींतून दाबून गळ्यात येते. गळ्याचं क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर, खर्जाच्या तोंडाचं १९,१०० चौरस सेंटिमीटर. हे ९४० पट फुगणं एकदम करून चालत नाही. हवेला कळू न देता ते करावं लागतं, कारण जिथे रुंदी अचानक बदलेल तिथून लाट उलटी फिरते.

म्हणून घातांकी वक्र घेतात. ७० हर्ट्झच्या हॉर्नसाठी हिशेब असा निघतो की दर २७ सेंटिमीटरला क्षेत्रफळ दुप्पट करायचं. पहिल्या २७ सेंटिमीटरमध्ये ५ सेंटिमीटरचा व्यास कसाबसा ७ होतो. डोळ्यांना ती सरळ नळीच वाटते. हॉर्नची एकूण लांबी २.६७ मीटर. निम्म्या लांबीवर पोचलात तरी व्यास फक्त २८ सेंटिमीटर, स्वयंपाकघरातल्या परातीएवढा. आणि मग शेवटच्या २७ सेंटिमीटरमध्ये तो ११० वरून थेट १५६ वर झेपावतो. हॉर्नमध्ये एकूण ७४४ लिटर हवा मावते. तिच्यातली निम्मी या शेवटच्या वीतभर तुकड्यात असते. सुताराला साचा आखून देताना गळ्याकडच्या भागात व्यास एक मिलिमीटर चुकला तर ते क्षेत्रफळाच्या चार टक्के होतात. तोंडाशी दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी कान तक्रार करत नाही. काळजी घ्यायची ती बारीक टोकाला.

कडेशी भिंत प्रत्येक बाजूला ४५ अंशांत उघडते. एका हॉर्नला सव्वाचार चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. १८ मिलिमीटर प्लाय धरला तर वजन ५० किलोच्या घरात. घराचा दरवाजा तीन फुटांचा आणि हॉर्नचं तोंड पाच फुटांचं, तेव्हा तो अख्खा आत जात नाही, खोलीतच जोडावा लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत बारा फुटांच्या बाजूने लावला तर ऐकणाऱ्यासाठी मीटरभर जागा उरते, त्यातही युनिट आणि वायर मागे मावायला हव्यात.

आणखी खाली उतरायचं ठरवलं तर? कंपनसंख्या निम्मी केली की लाट दुप्पट, तोंडाचं क्षेत्रफळ चौपट आणि आतली हवा आठपट. १०० हर्ट्झचा हॉर्न २५५ लिटरचा, ५० हर्ट्झचा २,०४० लिटरचा. या ५० हर्ट्झच्या हॉर्नची लांबी ४.१ मीटर येते, म्हणजे जवळपास मुलूखमैदानएवढी. आणि कानाला ऐकू येणाऱ्या तळाशी, २० हर्ट्झला, पावणेतेरा मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद तोंडाचा हॉर्न लागेल. त्यात ३२ हजार लिटर हवा. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली ३४ हजार लिटरची असते. एक सप्तक खाली जाण्याची ही किंमत पैशांनी कमी करता येत नाही. महागडं युनिट आणलं म्हणून लाट आखूड होत नाही.

हे सगळं कागदावरच राहिलेलं नाही. हॉर्नचं समीकरण वेबस्टर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये मांडलं. १९२६ मध्ये बोलपटांसाठी वेस्टर्न इलेक्ट्रिकचं ५५५ हे युनिट आलं. वेंटे आणि थुरास यांनी घडवलेल्या या युनिटने चित्रपटगृहांचे लांब, वळवलेले हॉर्न घुमवले. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली मराठी बोलू लागला, तो याच पिढीतल्या यंत्रांच्या काळात. तेच ५५५ घेऊन लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये रॉडरिक डेनमन यांनी १९२९ च्या सुमारास घातांकी हॉर्न बांधला: लांबी २७ फूट, गळा जेमतेम एक इंचाचा, तोंड सात फूट एक इंच चौरस, आवाका ३२ हर्ट्झपासून वर. गळ्यापासून तोंडापर्यंत क्षेत्रफळ आठ हजार पटींहून जास्त वाढतं. तिथे येणाऱ्यांना त्यावर रेडिओचे कार्यक्रम ऐकवत. तो १९४९ मध्ये अपघातात मोडला आणि २०१४ मध्ये पुन्हा उभा केला गेला. कॉम्प्रेशन ड्रायव्हरवर खालचे स्वर काढण्याचा याहून धीट प्रयत्न मला माहीत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात आहे. खोलीत भरपूर मोठ्याने गाणं ऐकायला आवाजाची शक्ती लागते वॅटच्या शंभराव्या भागाएवढी. १०० हर्ट्झला एवढा आवाज काढायला साध्या स्पीकरचा साडेसहा इंची कोन प्रत्येक बाजूला १.२ मिलिमीटर हलतो. आपल्या ७० हर्ट्झच्या हॉर्नवर बसलेला चार इंची पडदा हलतो ०.०७ मिलिमीटर. सोळापट कमी. वीज कोनाला साधारण दोन वॅट, हॉर्नला त्याचा पन्नासावा हिस्सा. हालचाल जितकी कमी तितकी विकृती कमी, म्हणून बायाँवर घासत येणारी मींड किंवा पखवाजाची थाप हॉर्नमधून येते तेव्हा तिच्या कडा शाबूत असतात. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीवर हजारो वॅट ओतून जे होतं त्याच्याशी या कामाचं नातं नाही. तिथे छाती हादरवायची असते. घरात गायकाच्या आवाजातलं लाकूड ऐकायचं असतं, आणि ते नेमकं ८० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतं.

मात्र याच युनिटला रस्त्यावरच्या कामाला जुंपलं तर गणित कोसळतं. आवाजाची शक्ती एक वॅट केली की पडद्याची हालचाल दहापट होऊन ०.७ मिलिमीटरवर जाते आणि समोरचा ठोकळा बहुतेक युनिटांत त्याहून जवळ असतो. पडदा त्यावर आपटेल. म्हणूनच बाजारातली बहुतेक युनिटं ५०० हर्ट्झच्या खाली वापरू नका असं बजावतात आणि म्हणूनच खालच्या पट्ट्यात त्यांचं राज्य घरापुरतंच शक्य आहे.

जागेच्या प्रश्नावर तोड अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात काढली: हॉर्न खोलीच्या कोपऱ्यात ठेवा. जमिनीवर ठेवला की तोंडाचं क्षेत्रफळ निम्मं पुरतं, जमीन आणि एका भिंतीला टेकवला की पाव, कोपऱ्यात एक अष्टमांश. आपल्या ७० हर्ट्झच्या हॉर्नचं तोंड मग अर्धा मीटर चौरसात बसतं, लांबी १.८६ मीटर होते आणि ७४४ लिटरांचे उरतात ९२. तो दुमडला की कपाटाएवढ्या खोक्यात मावतो आणि दारातूनही जातो. उरलेला हॉर्न म्हणजे त्या दोन भिंती आणि फरशी. जुन्या वाड्याची हातभर जाडीची दगडी भिंत यासाठी उत्तम, कारण ती लाटेला दाद देत नाही. जिप्समचं पार्टिशन असेल तर ते स्वतःच थरथरतं आणि खर्ज गिळतं. तिथे कोपरा सोडून दुसरी भिंत शोधावी.

एक काम शेवटी उरतं. १.८६ मीटरच्या नळीतून यायला आवाजाला साडेपाच मिलिसेकंद लागतात, वरच्या स्वरांसाठी ठेवलेला वेगळा छोटा हॉर्न मात्र लगेच बोलतो. त्यामुळे तबल्यावरचा ‘धा’ फुटतो: बोटाची चाट आधी येते, डग्ग्याचा घुमारा मागून. छोटा हॉर्न तेवढाच मागे सरकवा किंवा दोन्ही हॉर्नांत स्वर वाटून देणाऱ्या डिजिटल क्रॉसओव्हरमध्ये त्याला साडेपाच मिलिसेकंदांचा विलंब द्या, आणि मग तोच ‘धा’ पुन्हा वाजवून बघा.