रफियन : तिला पळायचंच होतं का?

आपल्याकडे घाटात बारी सुटते तेव्हा बैलांच्या पुढे घोडी पळते, हे अकोलेकरांना मी सांगायला नको. त्या घोडीचं नाव कुणी विचारत नाही, सगळं लक्ष बैलांकडे. आज मी अशा एका घोडीबद्दल बोलणार आहे, जिचं नाव पन्नास वर्षं झाली तरी लोक विसरलेले नाहीत.

आधी एक गैरसमज काढून टाकू. शर्यतीत मादी मागे पडते असं आपण धरून चालतो. पण मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली, ती जिंकली ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या बडोद्याच्या महाराजांच्या घोडीनं. २०१० सालची डर्बी जिंकणारी ‘जॅकलिन’ही घोडीच. अशा तरुण घोडीला रेसवाले ‘फिली’ म्हणतात. नरांबरोबर पळताना तिच्या पाठीवर वजन थोडं कमी ठेवतात, एवढीच काय ती सवलत.

आता रफियन. जन्म १७ एप्रिल १९७२, अमेरिकेतल्या केंटकीत. रंग जवळजवळ काळा, हाड थोराड. २२ मे १९७४ ला न्यूयॉर्कच्या बेल्मॉन्ट पार्कवर ती पहिल्यांदा पळाली आणि पंधरा लांब्यांनी जिंकली. लांबी म्हणजे एका घोड्याच्या अंगाएवढं अंतर. पुढच्या वर्षभरात दहा शर्यती, दहा विजय. तरुण घोड्यांसाठीच्या तीन मानाच्या शर्यती तिनं १९७५ मध्ये ओळीनं मारल्या, शेवटची दीड मैलाची. नुसतं जिंकणं नाही हो, मोजणीच्या प्रत्येक खांबापाशी तीच पुढे!

१९७५ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. दोनच वर्षांपूर्वी बिली जीन किंगनं बॉबी रिग्जला टेनिसमध्ये हरवलेलं. त्या वर्षीची केंटकी डर्बी जिंकलेला ‘फूलिश प्लेझर’ आणि रफियन, दोघांचीच शर्यत लावायची असं ठरलं आणि तिला स्त्री विरुद्ध पुरुष असं रूप आलं. आता घोडीला यातलं काय कळणार? जॉकी हासिंतो व्हास्क्वेझ एरवी दोघांवरही बसायचा. त्यानं रफियन निवडली.

६ जुलै १९७५. सव्वा मैल. मैदानावर पन्नास हजारांवर माणसं. सुरुवातीचा पाव मैल दोघं जवळजवळ बरोबरीनं गेले, रफियनचं नाक किंचित पुढे. मग हाड मोडल्याचा आवाज जॉकींना ऐकू आला. तिच्या पुढच्या उजव्या पायातली, खुराच्या वरच्या सांध्यामागची दोन छोटी हाडं तुटली होती. व्हास्क्वेझ लगाम खेचत होता, आणि ती थांबत नव्हती. तुटका पाय टेकवत पुढे जात राहिली. रात्री शस्त्रक्रिया झाली. भूल उतरताच ती पडल्या पडल्या पाय झाडू लागली, पळतच असल्यासारखी, आणि त्यात बांधलेला पाय पुन्हा उद्ध्वस्त झाला. पहाटेच्या सुमारास तिला कायमची झोप दिली. २००६ मध्ये बार्बारो या घोड्याचा पाय मोडला, तेव्हा त्याला पाण्याच्या टाकीत तरंगत ठेवून शुद्धीवर आणलं. म्हणजे पाय झाडले तरी आपटायला जमीनच नको.

‘तिला पळायचंच होतं’ असं तिचे चाहते सांगतात. माझा आक्षेप इथे आहे. घोडा हा कळपातला, शिकाऱ्यापासून पळून जगलेला प्राणी. त्याला दुखलं की पळायचं सुचतं. त्यात तीनशे वर्षं आपण सगळ्यात वेगवान नर-माद्या निवडून पैदास केली. ती ओढ तिच्या रक्तात होती हे मान्य, पण निम्मी तरी आपण घातलेली होती. पळणं तिचं, ती शर्यत मात्र माणसांची. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणता येईल का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी हा प्रश्न माणसांबद्दल विचारायचो. तो इथेही लागू पडतो.

आणि आपल्या घाटालाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, त्या निकालात एक मुद्दा असा होता की बैलाचं शरीर घोड्यासारखं शर्यतीसाठी घडलेलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या शर्यती अटींवर पुन्हा सुरू झाल्या, १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदाही वैध ठरवला. मला तो शरीराचा मुद्दा पहिल्यापासून लंगडा वाटत आला आहे. रफियनचं शरीर पळण्यासाठीच घडवलेलं होतं, आणि पळतानाच ते मोडलं.

मी बंदीवाला नाही. लहानपणी मीही घाटाच्या कडेला उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलोय. ‘बैलाला हौस असते हो’ असं मोठी माणसं म्हणायची, आणि मला ते तेव्हा अगदी पटायचं.