खाऱ्या समुद्रात गोडे पाणी



दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सगळी माणसे, म्हणजे आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ व मी, एस.टी.ने घाट उतरून मालवणला गेलो आणि सिंधुदुर्ग किल्ला पाहून आलो. सहलीत काय काय खाल्ले, समुद्रात किती भिजलो, ते सगळे इथे लिहीत बसत नाही. तिथे पाहिलेली एकच गोष्ट समजावून सांगते. ती आपल्या गावाच्याही उपयोगाची आहे.

आधी किल्ल्याची माहिती. हा किल्ला कुरटे नावाच्या बेटावर आहे. जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज यांची जहाजे त्या काळी कोकणच्या समुद्रावर फिरत असत. त्यांच्यावर वचक बसावा म्हणून शिवाजी महाराजांनी हे बेट निवडले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झाली आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायाचे दगड पक्के बसावेत म्हणून शिसे वितळवून ओतले. आतली जागा सुमारे ४८ एकर आहे. तट सुमारे तीन किलोमीटर लांब, तीस फूट उंच आणि बारा फूट जाड आहे. दरवाजा बुरुजांच्या वळणात असा लपवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे. ते राजाराम महाराजांनी बांधले. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत सिंधुदुर्गही आहे.

किल्ल्यात तीन विहिरी आहेत. कोकणात विहिरीला बाव म्हणतात. यांची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. किती गोड नावे! आजी आत डोकावून म्हणाली, "अगं बाई, चारी बाजूनं समिंदर, मग हितलं पाणी खारट न्हाई व्हय?" तिथल्या एका काकांनी कळशी पुढे केली आणि म्हणाले, "आजी, पिवन बघा. गोडा आसा." आम्ही सगळ्यांनी ओंजळीने पाणी प्यायलो. खरोखर गोडे! उन्हाळ्यातही या विहिरी आटत नाहीत, असे ते म्हणाले.

मला वाटते, या किल्ल्याची खरी ताकद तटात जेवढी आहे तेवढीच या तीन विहिरींत आहे. विचार करा, शत्रूच्या जहाजांनी वेढा घातला तर तोफा असून काय उपयोग? तहानलेला शिपाई किती दिवस लढणार? रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रातही हेच सांगितले आहे. किल्ला बांधण्याआधी तिथे पाणी आहे का ते पाहावे, आणि एक झरा आहे म्हणून निश्चिंत न राहता तळी-टाकी बांधून पाणी साठवावे, असा त्याचा अर्थ आहे.

मग समुद्रात हे गोडे पाणी येते कुठून? पुष्कळांना वाटते की समुद्राचे पाणी जमिनीतून गाळून गोडे होते. पण तसे नाही. माती कचरा अडवते. विरघळलेले मीठ अडवत नाही. हे पाणी पावसाचे आहे. मालवणला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. बेटावर पडलेले पाणी थोडे वाहून जाते, थोडे माती आणि खडकाच्या भेगांतून खाली मुरते.

खाली तर खारे पाणी असते. मग दोन्ही मिसळत कसे नाही? कारण गोडे पाणी हलके असते. एक लिटर गोडे पाणी १००० ग्रॅम भरते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते सुमारे १०२५ ग्रॅम भरते. हलके ते वर तरंगते, दुधावर साय तरंगते तसे.

हा प्रयोग आम्ही वर्गात केला. तुम्हीही करा. काचेचा पेला अर्धा पाण्याने भरा. त्यात चार चमचे मीठ पूर्ण विरघळवा. दुसऱ्या पेल्यात साध्या पाण्यात शाईचे दोन थेंब टाका. आता खाऱ्या पाण्यावर चमचा उलटा धरून त्यावरून शाईचे पाणी अगदी हळू सोडा. निळे पाणी वर राहते, खारे खाली राहते. पेला जोरात ढवळला की मात्र सगळेच खारट!

बेटाच्या पोटात असेच घडते. फरक एवढाच की तिथे पाणी माती-खडकाच्या फटींत असते, म्हणून चटकन ढवळले जात नाही. शास्त्रज्ञांनी याचा हिशेबही केला आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट वर असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा साठा असू शकतो.

आता हाच हिशेब उलटा करा. उपसून उपसून वरची पातळी एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढू शकते. मग विहीर खारी होते आणि ती पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे लागतात. समुद्रकाठच्या गावांत मोठे पंप लावून उपसा केल्यामुळे विहिरी अशाच खारावल्या आहेत. म्हणजे पावसाने जेवढे दिले, त्याच्या आतच घ्यावे लागते.

आपल्या गावाजवळ समुद्र नाही. आपले पाणी खारे होत नाही, ते सरळ आटते. उन्हाळ्यात टँकर येतो, भांडी रांगेत लागतात, आणि मुलींची शाळा बुडते ती पाण्यापायीच. बोअर आणखी खोल मारली म्हणजे पाणी वाढत नाही. असलेले लवकर संपते.

आम्ही शाळेचे छप्पर मोजले. लांबी २० मीटर, रुंदी ५ मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. त्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला की १००० लिटर पाणी होते. वर्षाला पन्नास सेंटिमीटर पाऊस धरला तर ५०,००० लिटर! म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. थोडे वाया जाईल हे धरले, तरी आज ते सगळेच पटांगणातून वाहून रस्त्यावर जाते. छपराला पन्हळ लावून ते पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून शाळेमागच्या आडाजवळ मुरवता येईल. पहिल्या पावसात छप्पर धुऊन निघते, तेवढे पाणी सोडून द्यावे.

पालकांनो, खड्डा खणायला आम्ही मुले मदत करू. वाळू गोळा करू. पन्हळ आणि पाइप मात्र तुम्ही मिळवून द्या. मिरगाच्या आत झाले तर यंदाचाच पाऊस धरता येईल.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी